दान, अनुदान आणि सार्वजनिक पाणवठा

हल्लीं वर्तमानपत्र उघडलें कीं अनुदानाची एखादी तरी बातमी दृष्टीस पडते. अमक्या जिल्हा परिषदेनें वस्तींतील रस्त्यास अनुदान दिलें, तमक्या नगरपालिकेनें वाचनालयाचें अनुदान रोखलें, शाळेच्या अनुदानाचा हप्ता अडला, असा मजकूर रोजचाच. शब्द इतका सरावाचा झाला आहे कीं त्याचा अर्थ विचारण्याची आवश्यकता कोणास भासत नाहीं. परंतु ज्या घरांत दानधर्माची परंपरा पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, त्या घरांतील मंडळींनीं तरी दान आणि अनुदान यांतील भेद एकदां नीट समजून घ्यावा, असें आम्हांस वाटतें. सार्वजनिक पाणवठा आणि सार्वजनिक शाळा यांवरून आपल्या प्रांतांत पाऊणशें-शंभर वर्षें जो झगडा चालला, त्याची किल्ली या भेदांतच आहे.

आपल्या शास्त्रकारांनीं दानाची व्याख्या मोठी काटेकोर केली आहे. दिलेल्या वस्तूवरील देणाऱ्याचें स्वामित्व संपावें आणि घेणाऱ्याचें उत्पन्न व्हावें, तेव्हां तें दान. एकदां गाय दिली, मग ती कोणत्या गोठ्यांत बांधावी हें दात्यानें विचारावयाचें नाहीं. याहून निराळा एक प्रकार धर्मशास्त्रांत सांगितला आहे. त्यास उत्सर्ग म्हणतात. विहीर, तळें, आमराई, धर्मशाळा हीं बांधून लोकांस वाहावयाचीं, तो हा विधि. इष्टापूर्तांतील पूर्त म्हणतात तें हेंच. येथें घेणारा कोणी एक ब्राह्मण किंवा याचक नसतो. वस्तु सर्वांची होते, आणि बांधणाऱ्यानेंही पुढें सर्वांपैकीं एक म्हणूनच तिचें पाणी प्यावयाचें असतें.

आतां अनुदान या दोहोंपैकीं कोणाच्या जवळचें? नांवावरून तें दानाचें भावंड वाटतें, पण गुणांनीं उत्सर्गाच्या कुळांतलें आहे. अनुदानाचा पैसा मंत्र्याचा नव्हे, अध्यक्षाचा नव्हे, मंजुरीच्या कागदावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा तर नव्हेच. तो कर देणाऱ्या लोकांचा. आणि काड्यांची पेटी विकत घेणारी मोलकरीणही कर देतच असते. एखाद्या विशिष्ट कामासाठीं, कांहीं अटींवर, तो संस्थेच्या हातीं सोंपविलेला असतो. लोकांचें स्वामित्व त्यावरून उडत नाहीं. ज्याच्या पैशानें दार बसविलें, त्यालाच त्या दाराशीं अडवावयाचें, हें म्हणूनच अन्यायाचें आहे.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस ही गोष्ट सांगावी लागणार नाहीं. सामाईक शिलकेंतून परसांत विहीर खणली आणि पुढें थोरल्या घरानें धाकट्या घराच्या सुनेस तींत पोहरा सोडूं दिला नाहीं, तर कुटुंबाचा कर्ता काय म्हणेल? ‘विहिरीवर तुमचें प्रेम असेल, पण पैसा सामाईक होता,’ असेंच तो म्हणेल. ही साधी समजूत गांवाच्या व शहराच्या कारभारांत उतरावयास मात्र फार दिवस लागले. ते कसे लागले, हें थोडक्यांत सांगतों.

हिंदुस्थानांत शाळांस सरकारी अनुदान देण्याची पद्धति १८५४ च्या वुड साहेबांच्या खलित्यापासून सुरू झाली. दोनच वर्षांनीं, १८५६ मध्यें, धारवाडच्या सरकारी शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलानें मुंबई सरकारकडे अर्ज केला. धारवाड त्या वेळीं मुंबई इलाख्यांत होतें. एका मुलासाठीं बाकीच्यांची शाळा ओस पाडणें बरें नव्हे, या विचारानें सरकारनें अर्ज फेटाळला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारास हा निर्णय रुचला नाहीं, आणि विलायतेंतील संचालक मंडळानेंही १८५८ मध्यें सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असाव्या हेंच तत्त्व उचलून धरलें. त्याच वर्षीं मुंबई सरकारनें आपलें धोरण जाहीर केलें. जी शाळा सर्वस्वी सरकारच्या खर्चानें चालते ती सर्व प्रजाजनांस खुली राहील. जी अंशतः लोकांच्या वर्गणीवर चालते, तेथें वर्गणीदारांचा विरोध असल्यास सरकार सक्ती करूं इच्छित नाहीं. मात्र जातीमुळें कोणास शिक्षण नाकारलें गेल्यास अशा शाळेची मदत बंद करण्याचा पूर्ण हक्क सरकार आपणाकडे राखून ठेवीत आहे.

वाचकांनीं या धोरणाचीं दोन अंगें ध्यानांत घ्यावीं. अनुदानास अट असूं शकते, ही गोष्ट येथें प्रथम स्पष्ट झाली. पण हक्क राखून ठेवणें निराळें आणि तो बजावणें निराळें. कुलूप घेतलें, किल्ली खिशांत ठेवली आणि दार उघडेंच राहिलें, असा प्रकार झाला. १८८२ च्या हंटर कमिशननें शाळा सर्वांस खुल्या असण्याचें तत्त्व पुन्हां मान्य केलें. परंतु विरोध ओढवून घेण्यापेक्षां जरूर तेथें अस्पृश्यांसाठीं निराळ्या शाळा काढाव्या, असाही मार्ग दाखविला. तो मार्ग सोयीचा असल्यामुळें रूढ झाला. ज्या शाळांत हीं मुलें घेतलीं गेलीं, तेथेंही त्यांचें बसणें वेगळें राहिलें. साताऱ्यास शिकत असतां आपणांस निराळ्या गोणपाटावर बसावें लागे, आणि शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटास शिवत नसल्यामुळें तें रोज घरीं न्यावें व परत आणावें लागे, हें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे. शिपायानें नळ सोडला तर पाणी, नाहीं तर तहानेलें राहावयाचें. १८५८ च्या धोरणास त्या वेळीं चाळीसांवर वर्षें होऊन गेलीं होतीं.

ही गांठ सोडविण्याचें धैर्य एका संस्थानिकानें दाखविलें. करवीरच्या शाहू महाराजांनीं १९१९ मध्यें आपल्या राज्यांतील अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद केल्या आणि तीं मुलें इतर मुलांबरोबर सरकारी शाळांत बसवावीं असा हुकूम काढला. निराळी शाळा ही दया असेल, पण समता नव्हे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

इकडे मुंबई इलाख्यांत १९१९ च्या सुधारणांनंतर स्थानिक स्वराज्य हें खातें लोकांच्या मंत्र्यांकडे आलें. कायदे कौन्सिलचे सभासद रावबहादूर सीताराम केशव बोले यांनीं ४ ऑगस्ट १९२३ रोजीं एक ठराव मांडला आणि तो संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले किंवा चालविले जाणारे सर्व पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच सरकारी शाळा, न्यायालयें, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांस वापरूं द्यावे, असा त्याचा आशय होता. पुढील महिन्यांत सरकारनें त्यावर आज्ञा काढली. ती आज्ञा म्हणजे कारकुनी चातुर्याचा एक नमुनाच आहे. सरकारच्या स्वतःच्या इमारती व संस्था यांपुरतें खातेप्रमुखांस अंमल करण्यास फर्माविलें. नगरपालिका आणि लोकल बोर्डें यांच्या बाबतींत मात्र त्यांनीं ठराव मान्य करण्याचा विचार करावा, असा सल्ला कलेक्टरांमार्फत देण्यापुरतेंच सरकारनें आपलें कर्तव्य मानलें. आणि विहिरी, तळीं, प्राथमिक शाळा तर बहुतेक याच संस्थांच्या ताब्यांत! सल्ला मानणें हें ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

कांहीं ठिकाणीं मर्जी झाली. कुलाबा जिल्ह्यांतील महाडच्या नगरपालिकेनें ५ जानेवारी १९२४ रोजीं चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. ठराव दप्तरांत राहिला; तळ्यावर कोणी अस्पृश्य जाऊं धजला नाहीं. बहुतेक ठिकाणीं तर ठरावही झाला नाहीं. हें पाहून बोले यांनीं ५ ऑगस्ट १९२६ रोजीं दुसरा ठराव मांडला, आणि आमच्या मतें तोच अधिक मार्मिक होय. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डें १९२३ चा ठराव अमलांत आणणार नाहींत, त्यांस सरकारनें अनुदान देऊं नये, अशी ही सूचना होती. पहिला ठराव अंतःकरणास उद्देशून होता, दुसरा तिजोरीस. प्राथमिक शिक्षणासारखीं कामें या संस्थांकडून सरकारी मदतीवांचून चालण्यासारखीं नव्हतीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? तेव्हां आडाचें पाणी हवें असेल तर आडाचा नियमही पाळा, इतकेंच बोले यांचें म्हणणें.

त्यानंतर सातच महिन्यांनीं काय घडलें, हें सर्वश्रुत आहे. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहस्रावधि अनुयायी शिस्तीनें चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनीं पाणी प्राशन केलें. त्यावर मारहाण झाली. पुढें घागरी उपसून, पंचगव्य घालून तळ्याची शुद्धि करण्यांत आली. आणि त्याच वर्षीं ४ ऑगस्ट रोजीं, म्हणजे बोले यांच्या पहिल्या ठरावास बरोबर चार वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, नगरपालिकेनें आपला १९२४ चा ठराव मागें घेतला. डिसेंबरांत दुसरी परिषद भरली, तेव्हां कांहीं मंडळींनीं न्यायालयांतून मनाई हुकूम मिळविलेला होता. तळें आमच्या वहिवाटीचें आहे, असा त्यांचा दावा. हा दावा दहा वर्षें चालला आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या हायकोर्टानें तो फेटाळला. इतरांस वगळण्याची अनादि रूढि वादींस सिद्ध करतां आली नाहीं.

या लढ्यांत गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे स्पृश्य वर्गांतले गृहस्थ डॉ. आंबेडकरांच्या बाजूस उभे होते, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. पांढरपेशा घरांतील माणसानें अशा वेळीं कोठें उभें राहावें, याचा कित्ता त्यांनीं घालून दिला आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या भांडणापेक्षां अनुदानांतून अस्पृश्यांस दुसरी विहीर बांधून दिली असती तर काय बिघडलें असतें? अनेक ठिकाणीं तसेंच केलें गेलें. बोर्डाचा खर्च भागला, गांवची शांतता राखली गेली, आणि पाणीही मिळालें. पण चवदार तळ्याचें पाणी प्यालों नाहीं तर आपण मरूं अशातला भाग नाहीं, इतरांप्रमाणें आपणही माणसें आहों हें सिद्ध करण्यासाठीं तेथें जावयाचें आहे, अशा अर्थाचें डॉ. आंबेडकर बोलले होते, तें याच प्रश्नाचें उत्तर आहे. निराळ्या विहिरीनें तहान भागते आणि भिंतही पक्की होते. सार्वजनिक पैशानें भिंत बांधण्याचा हा प्रकार होय.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें हा प्रश्न कायमचा सोडविला. १९५० पासून अमलांत असलेल्या या घटनेचें १७ वें कलम अस्पृश्यता नष्ट झाल्याचें सांगतें, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. पण १५ व्या कलमाचें दुसरें पोटकलम फारसें कोणी वाचीत नाहीं. विहिरी, तळीं, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा, ज्या पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशानें राखल्या जातात किंवा सर्व लोकांच्या उपयोगासाठीं वाहिलेल्या आहेत, त्यांच्या वापरांत जात, धर्म, लिंग इत्यादि कारणांनीं कोणासही आडकाठी करतां येणार नाहीं, असा त्याचा भाव आहे. ‘अंशतः’ हा शब्द पाहा. १८५८ मध्यें ज्या अर्धवट मदतीच्या शाळेस सूट मिळाली होती, ती सूट या एका शब्दानें गेली. आणि ‘वाहिलेल्या’ हा शब्द पाहा. आपल्या पूर्वजांचा उत्सर्ग तो हाच नव्हे काय? २९ व्या कलमानें हीच अट शिक्षणसंस्थांस लावली आहे: राज्याची मदत घेणाऱ्या शाळेस केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारतां येत नाहीं. राज्य या शब्दांत नगरपालिका, पंचायती याही येतात, हें घटनेच्या १२ व्या कलमावरून स्पष्ट आहे.

१९५५ मध्यें अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला. १९७६ च्या दुरुस्तीनें त्यास नागरी हक्क संरक्षण कायदा असें नांव मिळालें. त्याचें नववें कलम बोले यांच्या दुसऱ्या ठरावाचें नातवंड शोभेल असें आहे. एखाद्या सार्वजनिक देवस्थानाचा, शिक्षणसंस्थेचा किंवा वसतिगृहाचा व्यवस्थापक वा विश्वस्त या कायद्याखालीं दोषी ठरला, आणि ती शिक्षा अपिलांत रद्द झाली नाहीं, तर त्या संस्थेस सरकारकडून मिळालेलें जमिनीचें किंवा पैशाचें अनुदान स्थगित करण्याचा अथवा परत घेण्याचा अधिकार सरकारास आहे.

येथपर्यंत अनुदानाच्या अटीची कथा झाली. पुढें अनुदानाचा दुसरा उपयोग सुरू झाला: ज्यांस मागें ठेवलें त्यांच्याचसाठीं खर्च करावयाचा. महाराष्ट्रांत १९६२ मध्यें जिल्हा परिषदा आल्या. त्यांनीं आपल्या स्वतःच्या उत्पन्नापैकीं २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठीं खर्च करावी असा दंडक आहे. ग्रामपंचायतींस तोच दंडक १५ टक्क्यांचा. महिला व बालकल्याणासाठीं १० टक्के आणि अपंगांसाठीं ५ टक्के निराळे. याशिवाय दलित वस्ती सुधार योजना या जुन्या नांवानें गांवोगांव ओळखली जाणारी योजना आहे. तींतून वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणें पाणीपुरवठा, गटारें, अंतर्गत रस्ते, दिवे, समाजमंदिरें यांस पैसा मिळतो.

या अनुदानांची आम्हांस पूर्ण मान्यता आहे. ज्या वस्तीच्या वांट्याचा रस्ता शंभर वर्षें गांवच्या दुसऱ्या आळींत जिरला, तिला तो आतां प्रथम मिळाला तर ती मेहेरबानी नव्हे, बाकी चुकती करणें होय. तथापि हंटर कमिशनची जुनी सोयीची वाट पुन्हां मळूं नये, याची काळजी घेतली पाहिजे. वस्तींत नळ आला म्हणून गांवच्या विहिरीचा प्रश्न मिटला, समाजमंदिर झालें म्हणून गांवच्या चावडीवर बसण्याचा प्रश्न मिटला, असें समजण्याची चाल पडते. घटना होऊन दोन तपें होत आल्यावरही डॉ. बाबा आढाव यांस १९७२ च्या सुमारास ‘एक गांव, एक पाणवठा’ ही चळवळ घेऊन गांवोगांव हिंडावें लागलें, यावरून ही चाल किती चिवट आहे हें दिसेल. त्यांचें मागणें नव्या विहिरीचें नव्हतें. असलेली विहीर एक असावी, एवढेंच होतें.

आतां हें सर्व आमच्या वाचकांच्या घरीं कोठें येऊन पोहोंचतें? फार जवळ. आपल्यापैकीं अनेक घरांतले वडीलधारे शाळेच्या समितीवर, वाचनालयाच्या कार्यकारिणीवर, एखाद्या विश्वस्त मंडळावर असतात. घरांतल्या सुना-लेकी महिला मंडळें चालवितात. महाराष्ट्रांतील मान्यताप्राप्त सार्वजनिक वाचनालयें १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणें अनुदान घेतात. महिला मंडळाच्या शिवणवर्गास बहुधा पंचायतीच्या त्या १० टक्क्यांतूनच यंत्रें मिळालेलीं असतात. तेव्हां अनुदानाचा कागद हातीं आला म्हणजे तीन प्रश्न स्वतःस विचारावे. या पैशानें उघडणाऱ्या दारांतून आंत येण्यास कोणास संकोच वाटेल काय? हें काम सामाईक करतां येत असतां आपण तें निराळें तर करीत नाहीं ना? आणि ज्यांच्यासाठीं तें आहे, त्यांपैकीं कोणी हा खर्च ठरवितांना आपल्या शेजारीं बसला आहे काय?

पहिल्या प्रश्नाबद्दल थोडें अधिक लिहितों. हल्लीं उघड मनाई कोणी करीत नाहीं. ती करण्याची गरजच पडत नाहीं. शिवणवर्गाची सूचना एकाच आळीच्या फलकावर लागते, वर्ग अशा वाड्यांत भरतो कीं जेथें धुणीं-भांडीं करणारी बाई मागल्या दारानें येते, आणि मग ‘सर्वांस खुलें आहे, पण त्यांच्याकडून कोणी येत नाहीं’ असें अहवालांत प्रामाणिकपणें लिहिलें जातें. दार उघडें ठेवलें एवढ्यानें यजमानाचें काम संपत नाहीं. पाहुण्यास बोलावणेंही धाडावें लागतें. हें आपल्या घरांतल्या स्त्रियांस कोणीं शिकवावयास नको.

कित्येक विचारी गृहस्थ असा आक्षेप घेतात कीं पैशाच्या अटीनें मनें बदलत नसतात. खरें आहे. पण आम्हीं आयुष्याचीं बहुतेक वर्षें वर्गांत काढलीं. तेथें आम्हांस जें दिसलें तें असें, कीं मुलांस उपदेश करून एका बाकावर बसविणें कठीण, आणि हजेरीच्या क्रमानें बसविलें तर महिनाभरांत कोण कोणाचा डबा खातो हें मास्तरांसही सांगतां येत नाहीं. नियमानें संवय लागते आणि संवयीच्या मागून मन येतें. धारवाडच्या शाळेनें १८५६ मध्यें तो एक मुलगा घेतला असता, तर पहिले कांहीं दिवस बाकें रिकामीं राहिलीं असतीं. पण कायमचीं राहिलीं असतीं असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरा आक्षेप, आमची संस्था वर्गणीवर उभी राहिली, अनुदान तें किती? त्यास उत्तर घटनेंतला तो ‘अंशतः’ हा शब्द. थोडें घेतलें तरी घेतलेंच. ज्यांस अट नको असेल त्यांनीं अनुदानाचा अर्ज करूं नये. ज्यांनीं तें घेतलें त्यांनीं सामाईक शिलकेंतून घेतलें, हें विसरूं नये.

ग्रामसभेंत आणि प्रभागाच्या बैठकींत हिशेब विचारण्याचा अधिकार आज प्रत्येकास आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें कागद पाहण्याची सोयही झाली आहे. आपल्या गांवच्या मागासवर्गीय निधीचा पैसा मार्चअखेर खर्च झाला कीं तसाच पडून राहिला, हें आपणांपैकीं कितीजणांनीं आजवर विचारलें आहे? तो निधि आपल्यासाठीं नाहीं, म्हणून त्याची चौकशी आपण करूं नये, असा एक भिडस्त समज सुशिक्षित घरांत आढळतो. कुटुंबांतील धाकट्या घराचा वांटा त्यास पोहोंचला कीं नाहीं, हें थोरल्या घरानेंच आधीं विचारावयाचें असतें. यंदाचा मार्च यावयाच्या आंत आमच्या वाचकांपैकीं प्रत्येक घरांतून एकानें तरी आपल्या पंचायतींत किंवा पालिकेंत जाऊन ही विचारपूस करावी, आणि शक्य तर त्या वस्तींतील एखाद्या गृहस्थास बरोबर घेऊन करावी, अशी आमची नम्र विनंति आहे.